करवली पुढं, नवरी मागं

इंग्रजीत साधा प्रश्न विचारायचा झाला तरी वाक्याची मांडणी मोडावी लागते. कर्त्याच्या मागं उभा असलेला एक शब्द उचलून त्याच्या पुढं आणून ठेवायचा, तेव्हा कुठं समोरच्याला कळतं की हा काहीतरी विचारतोय. मराठीत असं काही करावं लागत नाही. 'तू जेवलीस' म्हणा, शेवटी आवाज जरा वर न्या, झाला प्रश्न. शब्द सगळे जागच्या जागी. भोर तालुक्यातल्या पोरांना ही एवढी गोष्ट समजावण्यात माझी तीस वर्षं गेली. दरवर्षी हा धडा येतो, आणि दरवर्षी मी फळ्यावर एक नवरी काढते आणि तिच्या मागं हातात करा घेतलेली करवली काढते. साध्या वाक्यात नवरी पुढं, करवली मागं. प्रश्न आला की करवली पळत पुढं. पोरं हसतात आणि ते त्यांच्या कायमचं लक्षात राहतं. शिक्षकांच्या एका शिबिरात मला ही युक्ती सगळ्यांसमोर करून दाखवायला लावली होती. टाळ्या पडल्या. 'बाईंची करवली' असं तिचं नावच पडलंय. ती करवली माझी नाही. एवढं सांगण्यासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं, आणि एवढंच सांगून भागणार नाही हेही मला ठाऊक आहे.

आमचं घर आंबवड्याच्या अलीकडं, डांबरी रस्ता सोडून ओढ्याच्या कडेनं आत गेलं की लागायचं. पत्र्याचं छप्पर, पुढं ओटा, मागं गोठा, गोठ्यात दोन म्हशी. नाना आणि आई शेतात. दादा हायवेला, किकवीच्या बाजूला एका कारखान्यात पाळीवर जायचा. मी शेंडेफळ. भोरच्या शाळेत जायचे, एसटीनं. मी नववीत असताना दादाचं लग्न झालं आणि वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या एका वाडीतून कमळवहिनी आमच्या घरी आली. त्या लग्नात करवली मीच होते. नवीन परकर-पोलकं, केसात आबोली, हातात नारळ ठेवलेला करा. वरातीत मी वहिनीच्या पुढं चालत होते म्हणून कुणीतरी म्हातारी ओरडलीही होती, "अगं ए करवले, मागं व्हय की! नवरी दिसू दे लोकास्नी!"

वहिनी माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठी. पण मी नणंद, म्हणून ती मला 'वन्सं' म्हणायची आणि अहोजाहो करायची. घरात मला अहोजाहो करणारं तेवढं एकच माणूस होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. ती आली आणि घराला आवाज आला. आमच्याकडं तोवर कुणी गात नव्हतं. आई कामाच्या वेळी तोंड मिटून काम करायची. वहिनी शेण काढताना गायची, भाकरी थापताना गायची, आणि भातलावणीला चिखलात उतरली की अख्खं खाचर तिच्यामागं गायला लागायचं. तिच्या हातची नाचणीची भाकरी पातळ आणि कडेला कुरकुरीत असायची, आणि कुरडूची भाजी ती लसणावर अशी परतायची की नाना दोनदा मागून घ्यायचे. नाना कधीच काही दोनदा मागत नसत. आईनं ते पाहिलं होतं. ती वहिनीच्या ताटात स्वतःच्या हातानं तूप वाढायला लागली.

वहिनी नववी पास होती. वेल्ह्याला मावशीकडं राहून शिकली होती. पुढं मावशीचं बिऱ्हाड हललं आणि शाळा सुटली. तिला नर्स व्हायचं होतं. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "आमच्या वाडीवर एक नर्सबाई यायची वन्सं, डोंगर चढून. तिच्या हातात घड्याळ असायचं. आन ती बाप्या मानसांस्नी दम द्यायची. 'बायकूला दवाखान्यात का न्हाई आणलं?' म्हनून. आन ती बापई मान खाली घालून ऐकायची. म्या म्हनलं, आपुन ह्येच व्हायचं." दादाला ही गोष्ट तिनं लग्नानंतर महिन्याभरातच सांगितली असावी. कारण एक दिवस दादा कारखान्यातून येताना सतरा नंबरचा फॉर्म घेऊन आला. बाहेरून दहावीला बसायचं. पास झाली की नर्सिंगच्या कोर्सला पुण्याला पाठवायचं, दीड वर्ष तिकडं राहायचं. नाना म्हणाले, बघा बुवा तुमचं तुम्ही. आई म्हणाली, शिकती तर शिकू दे. मी दहावीत होते. म्हणजे आम्ही दोघी एकाच वर्षी एकाच परीक्षेला.

सगळे विषय तिचे ती वाचायची. अडायचं ते इंग्रजीपाशी. संध्याकाळी चुलीपुढं ती भाकऱ्या करायची आणि मी पाटावर बसून तिला शिकवायचे. शिकवायचे म्हणजे सरांनी सांगितलेलं तसंच्या तसं बोलून दाखवायचे. 'शी लिव्हज इन भोर,' मी म्हणायचे. 'ती भोरला राहते. आता प्रश्न कर. ती कुठं राहते? व्हेअर डझ शी लिव्ह?'

वहिनीचा हात परातीत थांबायचा. "थांबा थांबा वन्सं. ह्ये डझ कुठनं आलं? मगाशी तर ते न्हवतंच."

"प्रश्न केला की येतं."

"काम काय त्याचं?"

"काम काही नाही. नुसतं पुढं यायचं."

ती हसायला लागली. हसता हसता भाकरी करपली. "म्हंजी करवलीच की वो! एरवी कुठं दिसत न्हाई. लगीन निघालं की आली नटून. काम करायची न्हाई, नवरीच्या पुढं नाचायची!" आणि माझ्याकडं पिठानं भरलेलं बोट रोखून म्हणाली, "आमच्या लग्नात एक व्हती बगा अशी."

मग पुन्हा थांबली. तव्यावरची भाकरी उलटायची विसरून म्हणाली, "आन लिव्हजचा येस कुठं गेला?"

 सरांनी सांगितलं होतं की डझ आलं की मूळ क्रियापदाचा एस जातो. जातो म्हणजे जातो. कुठं जातो ते सरांनी सांगितलं नव्हतं. वहिनीनंच चुलीतलं लाकूड मागं ओढत विचार केला आणि म्हणाली, "कुठं जातुय! डझच्या बुडाला हाय की तो. नवरीचा दागिना करवलीनं घातला!"

आज तीस वर्षं शिकवूनही मला यापेक्षा चांगलं सांगता आलेलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हशी धुताना ती ते गात होती. भातलावणीच्याच चालीवर, ती 'गं' वर जरा लांबवायची तशीच:

करवली पुढं गं, नवरी मागं
सवाल पडला गं, गाव झालं जागं
व्हेअर डझ शी लिव्ह गं, व्हेअर डझ शी
नवरीचा दागिना गं करवलीपाशी

मी ते ऐकून आधी हसले. मग सहामाहीत माझ्याच पेपरात अडले, तेव्हा मनातल्या मनात तेच गाणं म्हटलं आणि बरोबर लिहून आले. वर्गात मला त्या धड्यात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. वहिनीला मी ते सांगितलं नाही.

आमचे इंग्रजीचे सर भोरमधल्या एका खोलीत एकटे राहायचे. त्यांच्याकडं पेटी होती. स्नेहसंमेलनासाठी त्यांनी स्वतः एक इंग्रजी गाणं रचलं होतं, नीरा नदीवर. ती कुठून येते, कुठं जाते, डोंगरा तू मला सांग, असं काहीसं. त्यातली एक ओळ फिरून फिरून यायची: 'टेल मी व्हेअर द नीरा गोज.' ते गाणाऱ्या मुलींमध्ये मी होते, म्हणून मी ते घरी सतत म्हणायचे. एक दिवस वहिनी भात सडत होती. मुसळ खाली ठेवून म्हणाली, "वन्सं, तुमच्या सरांचं चुकलंय."

"सरांचं? कसं?"

"व्हेअर हाय ना त्येच्यात? मंग करवली कुठाय? व्हेअर डझ द नीरा गो, असं पायजे. हितं तर नवरी पुढं, आन दागिना बी तिच्याच अंगावर. गोज."

मी तो शब्द शंभरदा गायले होते आणि मला ते दिसलं नव्हतं. नववी पास झालेली, भात सडणारी बाई मला सांगत होती. माझे कान तापले. मी म्हणाले, विचारून येते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांना विचारलं. सर इतके खूश झाले की डबा तसाच ठेवून उठले. म्हणाले, "अगं, हा प्रश्न बी. ए. च्या मुलांना पडत नाही! ऐक. प्रश्न दारात उभा राहून विचारला, की डझ पुढं. पण तोच प्रश्न 'टेल मी' च्या घरात शिरला, तर तो प्रश्न राहत नाही. साध्या वाक्यासारखा वागतो. मग डझ लागत नाही, एस जागेवर येतो. गाण्यातही हेच बरोबर आणि पेपरातही हेच बरोबर. बोर्डाला येतं हं हे, पाच वाक्यं येतात." मग त्यांनी विचारलं, "हे तुझं तुला सुचलं?"

मी हो म्हणाले.

तासाला त्यांनी मला उभं केलं आणि वर्गाला सांगितलं, खेड्यातून एसटीनं येणारी ही मुलगी बघा, गाणंसुद्धा कान उघडे ठेवून म्हणते. एवढ्यावरच राहिलं असतं तर ते पोरपण म्हणून सोडून देता आलं असतं. मी ते तसं सोडून द्यायचा प्रयत्नही पुष्कळ केला आहे.

त्याच संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आई ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. वहिनी ओढ्याला गेली होती. आई सहज म्हणाली, "कमळ पास झाली म्हंजी जूनपासनं पुण्याला जायाची. दीड वरीस. मला एकटीला आता दोन म्हशी आन भात न्हाई रेटत. तुझं कालीज वरीसभर राहू दे. ती आली की तू जा."

मी म्हणाले, "वरीसभर म्हणजे?"

"वरीस न्हाईतर दोन. पळून जातंय का कालीज?"

आईला खरंच तसं वाटत होतं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण माझ्या वर्गातल्या दोन मुली अशाच 'वरीसभर' घरी राहिल्या होत्या आणि दोघींची लग्नं झाली होती. मी आत गेले, दप्तर ठेवलं, आणि शेणाच्या वासाचा माझा जुना फ्रॉक अंगात घालताना मला अख्खं पुढलं आयुष्य दिसलं. मी रडले नाही. मी फक्त हिशोबीपणानं शांत झाले. हे मला नीट आठवतं, म्हणून तसंच लिहिते. रागाच्या भरात मी काहीही केलं नाही.

वहिनी हंडा उतरवून आत आली, पदरानं मान पुसली आणि पहिलं काय विचारलं तर, "काय म्हनलं वो सर? चुकलं व्हतं ना त्येंचं?"

मी म्हणाले, "गाणं आहे वहिनी ते. गाण्यात चालीसाठी शब्द मागंपुढं करतात. त्याला सूट असते. पेपरात तसं लिहायचं नाही. व्हेअर दिसलं, व्हाय दिसलं की करवली पुढंच. आधी टेल मी असू दे नाहीतर काही असू दे."

"असं व्हय," ती म्हणाली. जराशी हिरमुसली. मग लगेच म्हणाली, "मंग बरं. एकच नेम ध्येनात ठिवायचा. गाण्यात कसंबी, पेपरात करवली पुढं." थोडं खरं त्यात होतंच, गाण्यात शब्द फिरवतात हे खरं होतं, म्हणून ते तिला पटलं. तिच्या स्वतःच्या गाण्यात ती तेच तर करत होती.

दोन दिवसांनी गाण्यात नवं कडवं आलं होतं.

टेल मी व्हेअर डझ गं शी लिव्ह बाई
वन्संनी सांगितलं गं, चुकायाचं न्हाई

ते कडवं मी परीक्षेपर्यंत रोज ऐकलं. सकाळी गोठ्यातून, संध्याकाळी चुलीपाशी. कधीही उठून म्हणता आलं असतं, वहिनी, चुकलंय, सरांनी असं सांगितलं नाही. दर वेळी वाटायचं, उद्या सांगू. उद्या झाला की वाटायचं, आता इतके दिवस सांगितलं नाही तर आज कसं सांगायचं. तरीही, तिनं माझ्याकडं एकदा तरी संशयानं पाहिलं असतं तर मी सांगितलं असतं असं मला वाटतं. ती संशय घेत नव्हती. ती ते गात होती.

परीक्षेसाठी दादानं तिला घड्याळ आणलं. छोटं, सोनेरी, काळ्या पट्ट्याचं. ती ते घालून पहिल्यांदा ओट्यावर आली तेव्हा नाना म्हणाले, "आली का नर्सबाई?" आणि ती लाजून आत पळाली. इंग्रजीच्या पेपरला आम्ही दोघी सकाळच्या एसटीनं गेलो. आईनं दोघींच्या हातावर दही ठेवलं होतं. शाळेच्या फाटकाशी वहिनीनं माझा दंड धरला. गर्दी होती, पोरं पुस्तकं चाळत होती. "वन्सं, एकडाव सांगा. टेल मी असलं तरी करवली पुढंच ना?"

तो शेवटचा क्षण होता आणि मला ते तेव्हाच कळत होतं. घंटा व्हायला पाच मिनिटं होती, ती तिच्याच घड्याळात दिसत होती. मी म्हणाले, "पुढंच."

पेपर सुटल्यावर एसटी स्टँडवर आम्ही भेळ खाल्ली. तिनं कागदाच्या पुडीतून चुरमुरे वेचत मला सांगितलं, "पाचीच्या पाची वाक्यात करवली पुढं ठिवली. एक बी सोडली न्हाई." तिचा चेहरा उजळला होता. माझी पाचही बरोबर होती, दुसऱ्या पद्धतीनं. मी म्हणाले, "छान झालं." भेळेत कैरी होती, आंबट. आजही कुणी भेळ पुढं केली तर मी नको म्हणते. लोकांना वाटतं पित्तामुळं.

निकाल लागला. मी पहिल्या वर्गात. वहिनी बाकी सगळ्या विषयांत पास, इंग्रजीत नापास, अगदी थोडक्यात. मी तिची गुणपत्रिका हातात घेतली आणि तिथल्या तिथं मनात बेरीज केली. त्या पाच वाक्यांचे गुण मिळाले असते तर ती तरली असती. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावत राहिले की तिनं बाकीही काही चुकवलं असेल, तपासणारा कडक असेल, कोण सांगणार. पण ती बेरीज मी केली होती. वहिनी रडली नाही. म्हणाली, "माज्याच डोक्यात बसत न्हाई वन्सं. तुमी किती शिकिवलं." दादा म्हणाला, ऑक्टोबरला पुन्हा बस. पण तोवर तिला दिवस गेले होते, आणि आई म्हणाली, आता पुरं झालं. ते कुणी ठरवलं असं नाही. ते नुसतं तसं होत गेलं.

जूनमध्ये मी कॉलेजला जायच्या आदल्या दिवशी वहिनी माझी वेणी घालत होती. वेणी झाल्यावर तिनं मनगटावरचं घड्याळ काढलं आणि माझ्या मनगटावर बांधलं. पट्ट्याला माझ्यासाठी एक भोक जास्तीचं पाडावं लागलं. तिनं ते दाभणानं पाडून आणलंच होतं. "मला काय करायचंय म्हशीपाशी घड्याळ? तुमाला लागंल." मी नको म्हणाले नाही.

मग सगळं ओळीनं झालं. मी बी. ए. झाले, बी. एड. झाले, भोरमध्येच नोकरी लागली, लग्न झालं, मुलगा मोठा होऊन बाहेर गेला. नाना गेले, आई गेली. दोघांचंही शेवटचं सगळं वहिनीनं केलं, अंथरुणातलं. आई जाताना तिचा हात धरून होती. मी भोरहून पोचेपर्यंत सगळं आवरलं होतं. सणाला मी जाते तेव्हा वहिनी अजूनही मला 'वन्सं' म्हणते, अजूनही पाटावर बसवते, आणि निघताना पिशवीत तांदूळ घालते. थकले आहे मी त्या तांदळानं. एखाद्या वर्षी तिनं घालू नये असं वाटतं.

आता कशामुळं लिहायला बसले ते सांगते. वहिनीची नात श्रेया आठवीत आहे. गेल्या महिन्यात रविवारी मी गावी गेले होते. ओट्यावर बसून ती अभ्यास करत होती आणि वहिनी सुपात तांदूळ निवडत होती. मी चप्पल काढत असतानाच श्रेया म्हणाली, "आत्याआजी, बरं झालं आलात. आजीला सांगा ना. तिचं गाणं चुकीचं आहे. टेल मी व्हेअर डझ शी लिव्ह म्हणते ती. आमच्या पुस्तकात बघा, टेल मी व्हेअर शी लिव्हज. ऐकतच नाही."

वहिनी सुपातून नजर न काढता म्हणाली, "वन्संनी सांगितलंय ते. तीस वरसं मास्तरीन हायेत त्या. तुज्या पुस्तकाचं चुकलं असंल."

"पुस्तक कसं चुकेल आजी?"

"का? मानसंच छापत्यात की."

श्रेया माझ्याकडं पाहत होती. मी म्हणाले, "जा बाळा, मला पाणी आण." ती आत गेली. मी वहिनीशेजारी बसले. ओढ्याच्या बाजूनं कुणाचा तरी ट्रॅक्टर चालला होता, त्याचा आवाज लांब जाईपर्यंत थांबले. मग सांगितलं. जसं इथं लिहिलंय तसंच, सरांनी काय सांगितलं, मी सरांना काय म्हणाले, आई ओट्यावर काय बोलली, फाटकाशी तिनं काय विचारलं. कारणं सांगितली नाहीत. आईचं बोलणं सांगितलं ते कारण म्हणून नाही, पण ते कारणासारखंच ऐकू आलं. बोलताना मी तिच्या हातांकडं बघत होते. हात थांबले नाहीत. एक खडा, मग दुसरा, सुपाच्या कडेनं बाहेर.

माझं संपल्यावर तिनं सूप एकदा पाखडलं. मग म्हणाली, "तुमाला ठावं व्हतं."

एवढंच. तीन शब्द. मी तीस वर्षं लोकांना हेच शिकवलंय, की प्रश्न असेल तर शब्द हलतो, आणि शब्द हलला नसेल तर ते विधान. पण ती मराठीत बोलत होती. शब्द सगळे जागच्या जागी होते, आवाज वर गेला नव्हता, खालीही आला नव्हता. ती मला विचारत होती की मला सांगत होती, ते मला कळलं नाही. शेवटी 'का' येईल म्हणून मी वाट पाहिली. आला नाही.

"व्हय," मी म्हणाले. कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून 'हो' च्या जागी 'व्हय' आलं.

श्रेया पाणी घेऊन आली. वहिनीनं सूप मांडीवरून खाली ठेवलं, पदर झटकला, आणि तिला म्हणाली, "पोरी, तुजं पुस्तक बरोबर हाय."

"बघ! मी म्हटलं नव्हतं? मग चुकलं कुणाचं?"

"गाण्याचं," वहिनी म्हणाली.

मी पाणी प्यायले. मग ती चहा ठेवायला आत गेली. मला वाटलं उठून जावं, पण एसटीला वेळ होता. आतून स्टोव्हचा आवाज आला, भांड्यांचा आला, आणि थोड्या वेळानं तिचा. ती हळू गात होती, नवे शब्द जुन्या चालीत बसतात का ते पाहत होती. टेल मी व्हेअर, आणि तिथं ती अडली, कारण जिथं इतकी वर्षं 'डझ' होतं तिथं आता काही नव्हतं आणि चाल तर तेवढीच लांब होती. तिनं ती जागा रिकामी सोडली आणि पुढं गेली. गं शी लिव्हज बाई.

त्याच्या पुढची ओळ माझी होती, वन्संनी सांगितलं गं. मी ओट्यावर बसून ती यायची वाट पाहिली. तिनं ती म्हटली नाही.